चुकारा हातात आल्यावर

चणचणीत जे करावं लागतं त्याला काटकसर म्हणू नये, तो नाइलाज असतो. घरात चार पैसे आले आहेत, बाजार समोर मांडलेला आहे, अडवणारं कोणी नाही, आणि तरी हात आवरतो, तेव्हा ती काटकसर. तिच्यात जी काही गंमत आहे तीही तेव्हाच लागते. लोहाऱ्यात ही वेळ वर्षातून एकदाच नीट येते, अश्विनाच्या तोंडाशी.

लोहारा यवतमाळच्या दारव्हा रोडवरचं. एका अंगाला शहर येऊन टेकलेलं, दुसऱ्या अंगाला वावरं, मधे एमआयडीसीची शेडं. कमलेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ इथलंच आणि डेनिमचं कापड विणणारा मोठा कारखानाही इथलाच. अशा गावात शरद लागल्याची वर्दी पंचांगाआधी सोयाबीन देतं. भाद्रपद सरत आला की पानं पिवळी होऊन गळतात, उघड्या झाडावर शेंगा वाळतात, वाऱ्यासरशी त्यांचा आवाज येतो. मग सोंगणी, मग गंज्या, गंज्यांवर ताडपत्र्या, आणि आभाळाकडे बघत काढलेले चार जीवघेणे दिवस. मळणीयंत्र लागलं की कुटाराचा बारीक धुराळा घरातल्या भांड्यांवरसुद्धा बसतो.

दुपारी ऊन असं पेटतं की वैशाखाची आठवण यावी. पण पहाटेच्या सुमारास पायाशी पडलेली वाकळ कोणी न सांगता ओढून घेतली जाते. चार महिने ओल धरून बसलेल्या भिंती सुकतात. डब्यातली डाळ, गव्हाचे कट्टे, पापडांची दुरडी, वाकळी, सगळं अंगणात येऊन बसतं. चरकाने शरदातल्या पाण्याचं कौतुक केलं आहे. दिवसा सूर्याने तापलेलं आणि रात्री चंद्राने निववलेलं ते पाणी, त्याला तो हंसोदक म्हणतो. या दिवसांत रात्रभर अंगणात राहिलेल्या माठातलं पाणी सकाळी प्यावं. त्याला बिल येत नाही, म्हणून त्याची चैनीत गणना होत नाही, एवढंच.

आता पैशाचं. खरिपाचा पहिला पैसा सोयाबीनचा. कापूस अजून बोंडात असतो, तूर तर अजून फुलावर यायची असते. २०२५-२६ साठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, पण सरकारी खरेदीची अट १२ टक्के ओलाव्याची. परतीच्या पावसात भिजलेला माल घेऊन आलेल्याला ही अट काटा लावण्याआधीच बाजूला सारते. मग बाजारात जो भाव निघेल तो घ्यायचा. काही असो, चुकारा हातात येतो. आणि तो येण्याआधीच त्याच्या मागे रांग लागलेली असते. कृषी केंद्राची उधारी, किराण्याची वही, पोरांची फी, बँकेचा हप्ता. एवढ्यातून वाचून जे उरतं त्याच्यावर नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी असे चार सण लागोपाठ चालून येतात. कारखान्यात, कार्यालयात असणाऱ्यांचा बोनसही याच सुमारास. व्यापाऱ्याला हे महिने भटजीपेक्षा चांगले पाठ असतात.

२०२५ साली तर गंमतच झाली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे कमी दर लागू झाले आणि त्याला ‘बचत उत्सव’ असं नाव मिळालं. साबण, टूथपेस्ट, दुचाकी, टीव्ही, बऱ्याच गोष्टी स्वस्त झाल्या. स्वस्त झाल्या हे चांगलंच झालं. पण जाहिरातींनी जो सूर लावला तो ऐकून हसू आलं. जितकं घ्याल तितकं वाचेल! आमच्याकडची कोणतीही म्हातारी या हिशोबाला एका वाक्यात उडवून लावेल. टीव्ही दोन हजारांनी स्वस्त झाला म्हणून तो न घेणाऱ्याचे दोन हजार बुडत नाहीत, त्याचे वीस हजार वाचतात. त्याच वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, २ ऑक्टोबरला. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला लाखाच्या बरंच वर गेलं होतं. आपट्याचं पान मात्र होतं त्याच भावाने मिळत होतं. ज्या सणात सोनं म्हणून पान देता येतं आणि घेणारा ते कपाळाला लावून घेतो, त्या सणाला सराफाच्या दुकानासमोर रांग लावायला आपल्याला कोणी शिकवलं, याचा विचार एकदा निवांत करायला हरकत नाही.

डेनिमचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. लोहाऱ्यात विणलेलं हे निळं कापड कुठे कुठे जातं याचा हिशोब आपल्याजवळ नाही, पण त्या जातीच्या कापडाच्या पँटी गुडघ्यावर मुद्दाम फाडून, जास्त पैसे लावून विकल्या जातात हे सगळे पाहतात. त्याच कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर एखादी बाई जुन्या लुगड्याच्या घडीवर फाटक्या सदऱ्याचे तुकडे मांडून वाकळ शिवत बसलेली असते. फाटकं झाकणारी ती, आणि फाटकं मिरवणारे आपण. वाकळीत कोणाचं काय गेलं आहे हे घरातल्याला ओळखू येतं: हा आजोबांच्या धोतराचा काठ, ही थोरलीच्या शाळेच्या गणवेशाची पट्टी. दुकानातलं ब्लँकेट जास्त उबदार असेलही. पण शरदातल्या पहाटे जी थंडी पडते ती ब्लँकेटाची नसतेच, पातळशा वाकळीचीच असते. ब्लँकेट घेतलं तर घाम येतो आणि सारलं तर हुडहुडी भरते. अनुभव घेऊन बघावा.

काटकसरीची खरी परीक्षा पाण्यात होते, हे यवतमाळकरांइतकं कोणाला ठाऊक नसावं. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर शहर जगत आलं. २०१७ च्या पावसाळ्याने दगा दिला, दोन्ही भरली नाहीत, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने जे सोसलं ते आजही ऐकवलं जातं. टँकर, निळे ड्रम, रात्री-अपरात्री लागलेल्या रांगा, पाण्यावरून झालेली भांडणं. त्या दिवसांत सगळ्यांना सगळं जमलं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, आंघोळीचं पाणी संडासात, कपडे चार दिवसांनी. मग पुढे पाऊस बरा झाला, निळोणा सांडव्यावरून वाहायला लागला, आणि लोक तो बघायला गेले. जावंच. पण घरी परत येऊन त्याच लोकांनी पाइप लावून मोटरसायकली धुतल्या. आमच्या गल्लीतल्या एक आजी अशा वेळी फाटकाशी उभ्या राहून ऐकवतात, “असल्यावरच जपा लागते बाप्पा, नसल्यावर काय जपसान?” त्यांना कोणी उत्तर देत नाही, पाइप मात्र बंद होतो. धरण काठोकाठ असतानाच्या अश्विनात एक बादली कमी वापरणं यात जो ऐटबाजपणा आहे तो मे महिन्यात कुठून आणणार?

मात्र या जिल्ह्यात बसून साध्या राहणीचे गोडवे गाताना जीभ जरा आवरावी लागते. महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण याच जिल्ह्यात आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ ला सगळ्यांनी मिळून जग सोडलं. राज्यातली जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण ठेवली जाते आणि दरवर्षी त्या तारखेला अनेक जण दिवसभर अन्नत्याग करतात. ज्याच्या ताटात दुसरी भाजीच नाही त्याला एका भाजीचं सुख समजावून सांगणं हा उद्धटपणा आहे. ज्याचं सोयाबीन २०२५ च्या पावसाने वावरातच कुजवलं त्याच्याशी काटकसरीवर बोलू नये, पीकविम्यावर बोलावं. मी जे लिहितो आहे ते ज्यांच्या हातात या महिन्यात काहीतरी पडलं आहे त्यांच्यासाठी, म्हणजे स्वतःसाठीसुद्धा.

नाइलाज आणि काटकसर यांतला हा फरक शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) पक्का ठाऊक होता. कर्ज काढून सण, लग्न, तेरवी करणाऱ्यांना ते कीर्तनात झोडपून काढायचे. ताट नसलं तर भाकर हातावर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला, असं त्यांचं सांगणं. स्वतःच्या अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं. पण याच माणसाने नाशिक, पंढरपूर, आळंदीला परक्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या तेव्हा चिंध्यांचा हिशोब लावला नाही. स्वतःसाठी आवळलेली मूठ दुसऱ्यासाठी सैल सोडायची, ही त्यांची रीत. कंजूष माणूस दोन्हीकडे आवळतो आणि मग त्याला घरचेही कंटाळतात. काटकसरी माणसाच्या घरी पाहुण्याला चहा पुन्हा विचारला जातो की नाही, एवढ्यावरून तो कोणत्या जातकुळीचा आहे हे कळतं.

आता जिभेची गोष्ट, कारण साधं जगणं चवीला फिकं असतं असा एक गैरसमज उगाच पसरलेला आहे. अश्विनातला धुरा बघावा. दोडक्याचे वेल, कोहळं, बरबटीच्या शेंगा, कुठे वाळकं, कुठे अंबाडी. त्यातल्या अंबाडीसारखं काटकसरीचं झाड दुसरं नसेल. पावसाळ्यात तिचा कोवळा पाला खुडायचा, उकडून आंबट पाणी पिळून टाकायचं, त्यात तुरीची डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं, आणि वाढताना वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, आणि जमलं तर मिरचीचा ठेचा. या जेवणावर झोप चांगली लागते. दिवाळीच्या मागेपुढे लाल अंबाडीला बोंडं येतात. त्यांच्या लाल जाड पाकळ्यांची चटणी होते, सरबत होतं, काही घरांत त्या पिठात मळून भाकर थापतात. मग उरलं खोड. ते पाण्यात कुजवायचं, वाख सोडवायचा, त्याचे दोर वळायचे. बैलाचं दावं, कासरा, विहिरीचा दोर, सगळं त्यातून. वाख निघाल्यावर राहिलेल्या सनकाड्या चूल पेटवायला. म्हणजे झाडातलं फेकायला काही उरलंच नाही. आज दावं नायलॉनचं आहे आणि बोंडं वाळवून शहरात ‘हिबिस्कस चहा’ नावाने इवल्याशा पाकिटात मिळतात. पाकिटावरचा भाव वाचून आमच्याकडची बाई एवढंच विचारते की एवढ्यात किती एकर येतील.

पण या जुन्या जेवणाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवता कामा नये. ते जेवण काही संतवृत्तीने आलेलं नव्हतं, पिकाने आलेलं होतं. ज्वारी होती तोवर पीक घरात राहायचं. दाणा कणगीत, कडबा ढोरांना, फण चुलीत. जे पिकलं त्यातलं निम्मं-अधिक बाजार न बघताच संपायचं. सोयाबीनचं तसं नाही. ते घरात कोणी रांधून खात नाही. कट्टे भरायचे, विकायचे, आणि आलेल्या पैशातून खायचं सगळं विकत आणायचं, तेलाचं पाकीटसुद्धा. काटकसर तेव्हा वावरातच पेरलेली असायची, आता ती डोक्यात ठेवावी लागते, आणि डोक्यात दुसऱ्या गोष्टींची गर्दी फार. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, ज्वारी-बाजरीला श्रीअन्न म्हटलं गेलं. तोवर ज्वारीचा पेरा इतका आटला होता की जी भाकर गरिबाची म्हणून हिणवली ती गव्हाच्या पोळीपेक्षा महाग पडायला लागली. दोन तास ज्वारीचे घरापुरते अजूनही लावता येतात. पाखरं खातात, रानडुकरं नासवतात, हे सगळं खरं आहे. तरी लावणारे लावतात आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे हुरड्याला जायला सगळे तयार असतात.

साध्यात आनंद कसा असतो हे कोणाला पटवून द्यायचं असेल तर त्याला या महिन्यात भुलाबाईच्या घोळक्यात बसवावं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात, खानदेशात मुली भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. दोघं मातीचे, रंगवलेले, कधी एखादा हात तुटलेला. संध्याकाळी मुली घरोघर जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खरा खेळ सुरू होतो तो खाऊ ओळखण्याचा. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि कानाशी खुळखुळवते. आवाजावरून ओळखायचं. फुटाणे? मुरमुरे? गोड की तिखट? कोरडं की ओलं? आवाजच आला नाही तर वाटली डाळ असणार, किंवा काकडीच्या फोडी. काही बाया इतक्या बेरकी की डब्यात फुटाण्यांसोबत एक खडा टाकतात. दहा-वीस रुपयांच्या ऐवजावर पाऊण तास हसणं होतं. हल्ली कोणी मिठाईचा खोका आणून ठेवतं, तेव्हा मुलींची तोंडं उतरतात. खोक्यावर नाव छापलेलं असतं, ओळखायचं काय? कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी करतात. गावात ज्वारी नसली की हे धांडेही विकत आणावे लागतात, आणि ते घेताना घासाघीस करणाऱ्या आया खोक्याच्या मिठाईला काही म्हणत नाहीत, ही आपली तऱ्हा.

तसंच सीतादही. कापसाची पहिली वेचणी लावण्याआधी वावरात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचायला हात लावायचा. जिल्ह्याचं सगळं अर्थकारण ज्या पिकावर उभं, त्याच्या स्वागताचा खर्च वाटीभर दही आणि मूठभर भात. या कापसाला शोरूमच्या उद्घाटनासारखा मांडव कोणी घातला नाही, हे बरं झालं.

शहरात राहणाऱ्या नातेवाइकांना हे सगळं सांगितलं की ते विचारतात, मग आम्ही काय करायचं, आमच्याकडे ना धुरा ना कुटार. त्यांना मी उपदेश करत नाही. चुकारा असो की बोनस, तो आल्यावर पहिले आठ दिवस काही घ्यायचं नाही, एवढंच सुचवतो. आठ दिवसांत निम्म्या वस्तूंची नड आपोआप विरून जाते. उरलेल्या घ्याव्या, आनंदाने घ्याव्या, आणि घेतल्यावर कुरकुरू नये. दिवाळीत पोरांना नवे कपडे न घेण्यात काही थोरवी नाही.

वावर असणाऱ्यांशी मात्र एका व्यवहाराचं बोलायचं आहे, आणि ते याच महिन्यात बोलावं लागतं, कारण जूनमध्ये उशीर झालेला असतो. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. सुधारित सरळ वाणाचं घरचं बियाणं तीन वर्षांपर्यंत पेरता येतं, दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागत नाही. कृषी विभाग हे दर हंगामात सांगतो. तरी जूनमध्ये दुकानांसमोर गर्दी होते, भाव चढतात, उगवलं नाही म्हणून तक्रारी होतात आणि दुबार पेरणीचा फेरा येतो. त्यापेक्षा आत्ताच वावरातला चांगला, न भिजलेला तुकडा बियाण्यासाठी वेगळा सोंगावा. दाण्याचं साल नाजूक असतं, म्हणून मळणीयंत्राचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावं, कट्टे जमिनीला टेकू न देता लाकडी फळ्यांवर ठेवावे, थप्पी उंच लावू नये. मे महिन्यात त्यातले शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून बघावे. सत्तर उगवले तर पेरायला निर्धास्त.

एकराला तीस किलो लागतं. अडत्याला फोन करण्याआधी तेवढं बाजूला काढा.